वत्सगुल्माची मध्यरेषा ते मनगटावरील यंत्र : वऱ्हाडातील कालमापन आणि मुंबईमार्गे आलेल्या स्विस घड्याळांचा वारसा

प्रस्तावना

यांत्रिक मनगटी घड्याळ ही आज संग्राहकांच्या आवडीची व मोठ्या किमतीची वस्तू झाली आहे. तिचा इतिहास लिहिताना बहुधा जिनिव्हा, ल लोक्ल, ला शो-द-फाँ या स्वित्झर्लंडमधील गावांपासून सुरुवात होते आणि तेथेच शेवट होतो. घड्याळ जेथे तयार झाले तेथील इतिहास लिहिला जातो. ते जेथे वापरले गेले, दुरुस्त झाले आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले, तेथील इतिहास मात्र लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखात हा दुसरा भाग वाशीम जिल्हा व एकूण वऱ्हाड यांच्या संदर्भात तपासला आहे.

वाशीमची निवड सकारण आहे. घड्याळनिर्मितीसाठी या गावाचे नाव कोणी घेणार नाही. परंतु ज्या काळात युरोपात यांत्रिक घड्याळाचा मागमूसही नव्हता, त्या काळी भारतीय ज्योतिर्गणितात वेळेचा हिशेब ज्या रेषेपासून केला जाई, त्या रेषेवरील नगरांच्या यादीत वाशीमचे नाव होते. पुढे हेच गाव मद्रासची, नंतर भारतीय प्रमाणवेळ पाळू लागले आणि मुंबईच्या पेढ्यांनी आणलेली स्विस घड्याळे येथील मनगटांवर आली. वेळ ठरविणाऱ्या स्थानापासून वेळ स्वीकारणाऱ्या स्थानापर्यंतचा हा प्रवास आहे.

वत्सगुल्म : मध्यरेषेवरील नगर

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या दोन प्रमुख शाखांपैकी एका शाखेची ही राजधानी होती. सर्वसेनाने इ.स.च्या चौथ्या शतकात ही शाखा स्थापन केली आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हरिषेणाच्या काळात ती वैभवाच्या शिखरावर पोहोचली. अजिंठ्याचे सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने दिलेले आहे. १९३९ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या विंध्यशक्ती द्वितीय याच्या वाशीम ताम्रपटामुळे या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व अभ्यासकांसमोर आले व पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या इतिहासाची सविस्तर मांडणी केली.

हा ताम्रपट राजाच्या ३७व्या राज्यवर्षातील आहे आणि त्यातील काळाचा निर्देश ऋतू व पक्ष यांच्या आधारे केलेला आहे. राजसत्तेला दान देण्याच्या दिवसाची नोंद आवश्यक वाटत होती. दिवसातील तासाची नव्हती. सूक्ष्म काळाची गरज होती ती ज्योतिषाला.

सातव्या शतकातील गणितज्ञ पहिला भास्कर याने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या याम्योत्तर रेषेवरील स्थाने दिली आहेत. त्या यादीत अवंती म्हणजे उज्जयिनी आणि स्थानेश्वर यांच्याबरोबर वात्स्यगुल्माचाही उल्लेख येतो. ग्रहांचे गणित या रेषेवरील गावासाठी करायचे आणि अन्य गावांसाठी ‘देशांतर’ हा संस्कार द्यायचा, अशी पद्धत होती. आज ग्रिनिच जे काम करते तेच काम ही रेषा करीत होती. वाशीम शहरातील मध्यमेश्वराच्या मंदिराशी या रेषेची आठवण आजही जोडली जाते.

आधुनिक मोजणीनुसार उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.८ अंश पूर्व आहेत, तर वाशीमचे सुमारे ७७.१ अंश. म्हणजे ही दोन्ही नगरे नेमक्या एका रेषेवर नाहीत. दोहोंच्या स्थानिक वेळेत साधारण साडेपाच मिनिटांचा, जुन्या परिमाणात सुमारे साडेतेरा पळांचा फरक पडतो. याचा अर्थ प्राचीन ज्योतिषी निष्काळजी होते असा लावणे योग्य नव्हे. रेखांश काढण्यासाठी दोन दूरच्या गावी एकच घटना, बहुधा चंद्रग्रहण, कोणत्या क्षणी दिसली हे ठाऊक असावे लागते; त्यासाठी दोन्ही ठिकाणी विश्वासार्ह कालयंत्र लागते. युरोपातही समुद्रावर रेखांश ठरविण्याचा प्रश्न अठराव्या शतकात जॉन हॅरिसन याच्या यांत्रिक घड्याळाने सुटेपर्यंत अवघडच होता. साडेतेरा पळांची ही तफावत म्हणजे घड्याळाच्या अभावाची मोजता येणारी किंमत होय.

घटिकापात्र आणि भाषेत उरलेला काळ

यांत्रिक घड्याळापूर्वी या प्रदेशात वेळ मोजण्याचे प्रमुख साधन घटिकापात्र हे होते. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे भांडे मोठ्या पात्रातील पाण्यावर सोडले जाई. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे. बुडालेले पात्र रिकामे करून पुन्हा सोडण्यास माणूस लागे व गावाला कळावे म्हणून धातूच्या थाळीवर ठोके दिले जात. विवाहविधीत मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवण्याची प्रथा घड्याळ घरोघरी आल्यावरही बराच काळ टिकून राहिली.

मराठी भाषेने हा सारा व्यवहार जपून ठेवला आहे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार भरून बुडणाऱ्या पात्राचा आहे. ‘घडी’ व ‘घड्याळ’ हे शब्द घटिकेच्याच कुळातील आहेत. काट्यांचे यंत्र परदेशातून आले, पण त्याला नाव मिळाले ते पाण्यातल्या भांड्याचे. असे क्वचितच घडते. रेल्वे, मोटार, रेडिओ या वस्तू आपापली नावे घेऊनच आल्या.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की वेळ ही त्या त्या गावाची असे. सूर्योदयापासून घटका मोजल्या जात आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या गणितपरंपरेचा जो विस्तृत आलेख आला आहे, तो प्रसिद्ध झाला तेव्हा ही परंपरा पंचांगापुरती उरू लागली होती. कारण दरम्यानच्या काळात वऱ्हाडात रेल्वे आली होती.

कापूस, रेल्वे आणि परकी वेळ

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे आला. काही वर्षांतच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला अपूर्व भाव आला. या कापसाच्या व्यापारातूनच मुंबईत प्रचंड संपत्ती गोळा झाली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा कापूस व शेअर बाजारातील बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला व १८७८ मध्ये पूर्ण झाला. मुंबईचे हे सर्वांत प्रसिद्ध सार्वजनिक घड्याळ ज्या व्यापाराच्या पैशातून उभे राहिले, त्या व्यापारात काळ्या मातीतल्या शेतकऱ्याचा घाम होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. वऱ्हाडातील बोंडे मुंबईकडे जाऊ लागली. कारंजा हे आजच्या वाशीम जिल्ह्यातील मोठे व्यापारी गाव. तेथील कापूस बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रणाखाली आला व देशातील नियंत्रित बाजारांचा आरंभ याच बाजारापासून मानला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली. लोकांनी तिला पुढे ‘शकुंतला’ म्हटले. ही गाडी तिच्या संथपणासाठी प्रसिद्ध होती, परंतु वेळापत्रक तिलाही होते.

रेल्वेची वेळ कारंज्याची किंवा वाशीमची नव्हती. १९०६ पूर्वी रेल्वे मद्रास वेधशाळेची वेळ पाळीत. ती वाशीमच्या सूर्यवेळेपेक्षा सुमारे साडेबारा मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली व हे अंतर सुमारे साडेएकवीस मिनिटे झाले. वाशीमला सूर्य सरासरीने दुपारी बारा वाजून एकवीस मिनिटांनी माथ्यावर येतो. ज्या गावाला मध्यरेषेवरचे म्हटले गेले, तेथील मध्यान्ह आता बाराला होत नाही. योगायोगाने त्याच सुमारास, १९०५ मध्ये, वाशीमचा स्वतंत्र जिल्हाही रद्द होऊन अकोल्यात विलीन झाला. तो पुन्हा निर्माण झाला १ जुलै १९९८ रोजी.

मुंबईने ही नवी वेळ सहजासहजी मान्य केली नाही. १८८१ मध्ये मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न विरोधामुळे दोन वर्षांत मागे घ्यावा लागला होता. जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले, आणि मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ काही संस्थांमध्ये १९५५ पर्यंत चालू राहिली. वऱ्हाडातला बदल मात्र गाजावाजा न होता झाला. येथे पाळीची शिट्टी नव्हती. शेतकऱ्याचा दिवस सूर्यावर चाले आणि घड्याळ लागे ते कचेरीला, शाळेला, बाजाराला व स्टेशनला. दोन वेळा शेजारीशेजारी नांदू शकल्या, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईच्या पेढ्या

फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याचा इतिहास १७३७ पासून सांगितला जातो. त्या वर्षी ल लोक्ल येथील अब्राहम फाव्र याची घड्याळजी म्हणून नोंद आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ल्युबा कुटुंबाशी भागीदारी झाली आणि १८६५ मध्ये या पेढीने मुंबईत आपली शाखा उघडली. वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक बँका व व्यापारी बुडाले, ते हेच वर्ष. तरीही पेढी टिकली. कारण तिचा ग्राहक केवळ सट्टेबाज नव्हता. रेल्वे, लष्कर, सरकारी कचेऱ्या आणि वकील-डॉक्टरांचा नव्याने घडणारा वर्ग तिच्यापाशी येत होता. स्विस घराण्यांपैकी इतक्या लवकर भारतात पाय रोवणारी घराणी फार थोडी. पुढे शंभर वर्षे भारत ही फाव्र-ल्युबाची प्रमुख बाजारपेठ राहिली.

दुसरे महत्त्वाचे नाव वेस्ट एंड वॉच कंपनीचे. नाव लंडनच्या एका भागाचे, घड्याळे स्विस आणि व्यवसाय मुंबई-कलकत्त्याचा, असा हा तिहेरी प्रकार १८८६ पासून चालत आला. या कंपनीच्या ‘सोवार’ या घड्याळाचे नाव आपल्याला परिचित अशा ‘स्वार’ या शब्दावरून घेतलेले आहे. देशी पलटणींतील घोडेस्वार, रेल्वे कर्मचारी आणि तार खाते हा त्याचा ग्राहकवर्ग. दागिन्यासारखे नाजूक घड्याळ या लोकांच्या कामाचे नव्हते. घोड्यावर, इंजिनात, धुळीत चालेल असे घड्याळ हवे होते. १९३४ च्या सुमारास इन्काब्लॉक ही धक्के शोषणारी योजना निघाली, तेव्हा ती प्रथम स्वीकारणाऱ्या घड्याळांत ‘सोवार प्रायमा’ची गणना होते. भारतीय ग्राहकाच्या गरजेने स्विस तंत्राला वळण दिले, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

असाच, पण अगदी निराळ्या वर्गातील, दुसरा दाखला जेजे-लकूल्त्र या घराण्याच्या ‘रिव्हर्सो’चा आहे. १९३०–३१ च्या हिवाळ्यात भारतात आलेल्या सेझार द त्रे यांच्यापुढे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घड्याळाची काच फुटण्याची अडचण मांडली. त्यातून तबकडी उलटी फिरवून झाकता येईल अशी रचना पुढे आली आणि मार्च १९३१ मध्ये पॅरिस येथे रने-आल्फ्रेड शोव्हो याने तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. आज रिव्हर्सोची गणना जगातील सर्वांत मान्यवर संग्राह्य घड्याळांत होते. सोवार व रिव्हर्सो ही दोन्ही घड्याळे घोड्याच्या पाठीवरील माणसासाठी झाली. एक नोकरीसाठी घोड्यावर बसणाऱ्यासाठी, दुसरे खेळासाठी बसणाऱ्यासाठी. संग्राहकांच्या बाजारातील आजच्या किमती हा भेद अजून पाळतात.

यंत्र आणि वऱ्हाडचा उन्हाळा

यांत्रिक घड्याळाचे कार्य थोडक्यात असे. किल्ली दिली की मुख्य कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना मिळणारी शक्ती दातेरी चाकांच्या मालिकेतून पुढे जाते. ही शक्ती एकदम सुटू नये म्हणून शेवटी एक अडसर असतो, आणि तो बॅलन्स चक्राच्या मागेपुढे होणाऱ्या आंदोलनानुसार एकेक दाता सोडतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ही त्या अडसराची. विसाव्या शतकाच्या मध्यावरील बहुसंख्य घड्याळे ताशी १८,००० ठोके देत, म्हणजे सेकंदाला पाच व दिवसाला ४,३२,०००. आंदोलनाचा वेग ठरतो तो केसासारख्या बारीक सर्पिल कमानीवरून, आणि खरी अडचण तेथेच आहे.

साधी पोलादी कमान उष्णतेने सैल पडते. तापमानाची भरपाई न केलेले घड्याळ दर अंश सेल्सिअसला दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद मागे पडते. वऱ्हाडात पौषातील पहाट दहा-बारा अंशांची आणि वैशाखातील दुपार चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांची. तीस अंशांचा फरक धरला तरी पाच-साडेपाच मिनिटांची तफावत होते. घड्याळ मनगटावर असेल तर शरीराच्या उष्णतेने हा फरक कमी होतो, परंतु रात्री कोनाड्यात काढून ठेवलेल्या घड्याळाला ती सवलत नाही. एकोणिसाव्या शतकात दोन धातूंचे कापीव चक्र वापरून यावर उपाय केला जाई. ते बनविणे खर्चिक व सांभाळणे कठीण होते. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल व पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की ज्यांवर तापमानाचा परिणाम नगण्य होतो; या कार्यासाठी त्याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच मध्यम किमतीचे घड्याळ वैशाखातही भरवशाचे झाले. चाकांच्या अक्षांखाली बसविलेले कृत्रिम माणिक, ज्यांना बाजारात ‘ज्वेल’ म्हणतात, हेही विसाव्या शतकाच्या आरंभी स्वस्त झाले. तबकडीवर छापलेले ‘१७ ज्वेल्स’ हे शब्द दागिन्यांचे नसून घर्षणाचे आहेत. ग्राहकाला मात्र ते बहुधा दागिन्याचेच वाटत आले.

उष्णतेवर तोडगा निघाला तरी काळ्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यातील दमटपणा उरलाच. धूळ तेलात मिसळली की चाकांचे अक्ष झिजतात. म्हणून दर काही वर्षांनी घड्याळ पूर्ण सुटे करून धुणे आणि त्याला तेल देणे अपरिहार्य असते. डोळ्याला भिंग लावून चिमट्याने केसासारखी कमान सरळ करणारा घड्याळजी तालुक्याच्या बाजारपेठेत दिसू लागला तो या गरजेतून. त्याचे शिक्षण कोणत्याही शाळेत होत नसे. वडिलांकडून किंवा उस्तादाकडून ते मिळे.

फाव्र-ल्युबाने विसाव्या शतकाच्या मध्यावर जी घड्याळे काढली, त्यांतील ‘सी-चीफ’, ‘सी-किंग’ ही नावे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडातही परिचयाची झाली. १९६२ मध्ये या घराण्याने ‘बिव्हॉक’ हे घड्याळ काढले. हवेच्या दाबावरून ३,००० मीटरपर्यंतची उंची दाखविणारे हे पहिले यांत्रिक मनगटी घड्याळ होय. १९६८ च्या ‘बाथी’ने पाण्याची खोली दाखविली. याच दशकात दोन कमानींची, शक्ती अधिक समान रीतीने पुरविणारी पातळ यंत्रणाही या घराण्याने वापरात आणली. संग्राहक आज ‘बिव्हॉक’ व ‘बाथी’च्या मागे असतात. प्रस्तुत अभ्यासाच्या दृष्टीने मात्र साध्या ‘सी-चीफ’चे महत्त्व अधिक आहे, कारण भारतीय कुटुंबांत वारशाने आले ते हे घड्याळ.

आयातबंदी, एचएमटी आणि हुंड्यातील घड्याळ

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. परिणामी स्विस घड्याळ दुर्मीळ झाले, चोरट्या मार्गाने येऊ लागले आणि त्याची प्रतिष्ठा वाढली. सोन्याच्या खालोखाल घड्याळ ही तस्करांची आवडती वस्तू होती. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे मनगटी घड्याळे तयार करण्यास प्रारंभ केला. ‘जनता’, ‘सोना’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘कोहिनूर’ ही घड्याळे पुढे देशभर पोहोचली. पायलट व जनता या नावांमागे स्वतंत्र भारताची आकांक्षा स्पष्ट दिसते. सोवार या नावामागे ज्याप्रमाणे पलटणीचा ग्राहक दिसतो, त्याप्रमाणेच.

१९६१ हेच वर्ष हुंडा प्रतिबंधक अधिनियमाचेही आहे. कायदा झाला तरी व्यवहार थांबला नाही. ‘घड्याळ, सायकल, रेडिओ’ ही त्रयी जावयाच्या मागण्यांत ठरून गेली. वऱ्हाडातील असंख्य घरांत पहिले मनगटी घड्याळ नवऱ्या मुलाच्या हातावर, वधूपित्याच्या खर्चाने आले. त्या पैशासाठी कापूस विकला गेला असेल, क्वचित जमीन गहाण पडली असेल. ज्या वस्तूला आज ‘वारसा’ म्हटले जाते, तिच्या मागचा हा भाग संग्राहकांच्या माहितीपत्रकांत येत नाही. इतिहासलेखनाने तो वगळू नये. स्त्रियांच्या मनगटावर घड्याळ यायला आणखी वेळ लागला. शिक्षिका, परिचारिका व कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियांनी ते बहुधा स्वतःच्या पगारातून घेतले, हा फरकही नोंदविण्याजोगा आहे.

क्वार्ट्झचा आघात

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. महिन्याला काही सेकंदांचाच फरक पडणाऱ्या या यंत्राने पुढील पंधरा वर्षांत स्विस उद्योगाचा कणा मोडला. तेथील सुमारे ९० हजार कामगारांची संख्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. फाव्र-ल्युबा हे घराणेही १९८० च्या दशकात मूळ कुटुंबाच्या हातून गेले. भारतात १९८४ मध्ये टाटा समूह व तामिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी टायटन कंपनी स्थापन केली आणि तिने आरंभापासून क्वार्ट्झवर भर दिला. एचएमटी यांत्रिक घड्याळांना चिकटून राहिली. तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. २०११ मध्ये टायटननेच फाव्र-ल्युबाचे नाव विकत घेतले होते. २०१७ मध्ये ९,००० मीटरपर्यंत उंची दाखविणारे नवे ‘बिव्हॉक’ निघाले. त्यानंतर हे नाव इथॉस या भारतीय विक्रेत्या कंपनीशी संबंधित समूहाकडे गेले आणि २०२४ मध्ये जिनिव्हा येथे त्याची घड्याळे पुन्हा सादर झाली. मुंबईला येऊन मोठे झालेले स्विस नाव भारतीय मालकीचे झाले, परंतु घड्याळे स्वित्झर्लंडमध्येच बनतात.

वेळ पाहण्याचे काम मोबाइलने घेतल्यावर यांत्रिक घड्याळ निरुपयोगी ठरायला हवे होते. उलट त्याची किंमत वाढली. अचूकपणाच्या कसोटीतून ते मुक्त झाले आणि कारागिरी, दुर्मीळता व वंशपरंपरा यांच्या मापाने त्याचे मूल्य ठरू लागले. २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड व फ्रान्सच्या सीमेवरील ज्युरा पर्वतातील यांत्रिक घड्याळनिर्मितीचे कौशल्य मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केले.

तबकडी : एक नष्ट होणारे साधन

ज्युराच्या कारागिराला हा मान मिळाला तो योग्यच आहे. पण ती घड्याळे साठ-सत्तर वर्षे चालती ठेवली ती भारतातल्या बाजारपेठांतील घड्याळजींनी. मूळ सुटे भाग मिळत नसत तेव्हा त्यांनी दुसऱ्या घड्याळातून चाके काढली, अक्ष कातून घेतले, काटे घासून बसविले. हे कौशल्य कोणत्याही यादीत नाही. क्वार्ट्झ घड्याळाची बॅटरी बदलण्यास उस्ताद लागत नाही, आणि त्यामुळे नवा शिष्यही तयार होत नाही.

याच दुरुस्तीच्या परंपरेला एक निराळे टोकही आहे. संग्राहकांची मागणी वाढल्यावर जुन्या घड्याळांच्या डागाळलेल्या तबकड्या पुसून त्यांवर भडक रंग व नवी अक्षरे छापण्याचा व्यवसाय मुंबईत फोफावला. एका घड्याळाची यंत्रणा, दुसऱ्याची पेटी आणि नव्याने रंगविलेली तबकडी अशी जोडणी करून ती जुनी म्हणून जगभर विकली जाते. परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे उपहासाचे नाव पडले आहे. त्यात अन्यायाचाही भाग आहे. गिऱ्हाईक पूर्वी स्वतःच तबकडी नवी करून मागे; पिवळी पडलेली तबकडी त्याला वारसा नव्हे, तर गैरसोय वाटे. दुरुस्ती व बनावट यांतील सीमा विक्रेत्याने खरे सांगितले की नाही यावर ठरते, रंगावर नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकाचे नुकसान मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच होते. जुन्या घड्याळाची तबकडी हा लेखच असतो. तिच्यावरील निर्मात्याचे व कधी विक्रेत्या पेढीचे नाव, अंकांची लिपी, तळाशी बारीक अक्षरांत छापलेला देश, रेडियमच्या लेपाचा उरलेला डाग यांवरून ते कोणत्या काळी, कोणासाठी आणि कोणत्या वाटेने आले हे सांगता येते. मागील झाकणाच्या आतल्या बाजूस घड्याळजी दुरुस्तीच्या वेळी टोकदार सुईने स्वतःची खूण व तारीख कोरून ठेवीत. अशा चार-पाच खुणा एका झाकणावर सापडल्या तर त्या घड्याळाच्या आयुष्याची अनुक्रमणिकाच हाती येते. विंध्यशक्तीचा ताम्रपट घासून, चकचकीत करून, त्यावर नवी अक्षरे कोणी कोरली असती तर वत्सगुल्म शाखेचा इतिहास अंधारातच राहिला असता. घड्याळाच्या बाबतीत तेच रोज घडत आहे आणि त्याला ‘नूतनीकरण’ म्हटले जात आहे.

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या तालुक्यांतील घरांत आजोबांची बंद पडलेली घड्याळे कपाटात असण्याचा संभव मोठा आहे. लग्नाच्या याद्या, पेढ्यांच्या पावत्या आणि जुन्या घड्याळजींच्या नोंदवह्या हे या इतिहासाचे कागद. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम जिल्ह्यापुरते हाती घेण्यास मोठा निधी लागणार नाही. घड्याळ न उघडता तबकडीचे छायाचित्र, उघडता आल्यास झाकणाच्या आतील खुणांचे छायाचित्र, यंत्रणेवरील क्रमांक आणि ते घरात कोणाच्या लग्नात, कोणत्या साली, कोणाच्या पैशाने आले याची मालकाच्या तोंडून घेतलेली माहिती, एवढे नोंदले तरी पुरे. तबकडी पुसण्याआधी हे व्हावे लागेल. आणि घड्याळ विकत घेणारा दलाल गावात बहुधा अभ्यासकाच्या आधी पोहोचतो.